रकान्यांचा फेरफार कुठे नोंदवतात? सोलापूरच्या चावडीपासून संगणकाच्या निर्देशिकेपर्यंत

१/ 'सातबारा' हा शब्द महाराष्ट्रात कोणाला समजावून सांगावा लागत नाही. मात्र या शब्दात ना जमीन आहे, ना शेतकरी, ना पीक. आहेत ते केवळ दोन आकडे : गाव नमुना ७ आणि गाव नमुना १२. कोऱ्या छापील नमुन्यांचे क्रमांकच भरलेल्या कागदाचे नाव होऊन बसले. चौकटीवरून चित्र ओळखले जावे, तसा हा प्रकार. #इतिहास #धागा

२/ इतिहासाचा अभ्यासक जुन्या कागदातील नोंदी बारकाईने वाचतो. रकान्यांकडे सहसा पाहत नाही. पण काय विचारायचे, काय लिहायचे आणि कोणाला जागाच द्यायची नाही, हे नोंद होण्यापूर्वी रकान्याने ठरवलेले असते. आजचा धागा या रकान्यांचा. ते कोण आखतो, कोण बदलतो आणि त्या बदलाची नोंद कुठे राहते? वाट सोलापूरच्या चावडीवरून निघते आणि संगणकाच्या निर्देशिकेपर्यंत जाते.

३/ पेशवाईच्या अखेरीस भीमा-सीनेच्या खोऱ्यातील गावाचा हिशेब कुलकर्ण्याच्या दप्तरात असे. मोडी लिपी, लांबच लांब कागद, रुमालात बांधलेले गठ्ठे. जमीनझाडा, तेरीज, ताळेबंद असे कागदांचे प्रकार होते आणि प्रत्येकाचे वळण ठरलेले होते. मात्र त्या वळणाचे नियम छापून ठेवलेले नव्हते. ते बाप मुलाला शिकवी. वतन आणि विद्या दोन्ही एकाच घरात राहत.

४/ याचा अर्थ असा, की नोंदी कागदावर होत्या आणि त्या वाचण्याची किल्ली कुलकर्ण्याच्या डोक्यात होती. कोणता आकडा बिघ्याचा, कोणता रुपयांचा, कोणती खूण सुटीची, हे त्यालाच ठाऊक. १८१८ मध्ये पेशवाई संपली आणि इंग्रज अधिकाऱ्यांपुढे दप्तरे आली, तेव्हा त्यांची पहिली अडचण हीच होती. कागद हाती होते, पण कागदाची चौकट हाती नव्हती.

५/ मग नवी चौकट आखण्याचे प्रयत्न सुरू झाले. पुणे जिल्ह्यात रॉबर्ट कीथ प्रिंगल याने १८२० च्या दशकाच्या अखेरीस मोजणी केली. शेताचे उत्पन्न, त्यातून वजा जाता खर्च, उरलेला निव्वळ नफा आणि त्यावर सारा, असे त्याचे गणित होते. कागदावर ते निर्दोष दिसे. प्रत्यक्षात मोजणीचे आकडे चुकीचे निघाले, सारा पेलेना आणि शेते ओस पडू लागली.

६/ सोलापूर जिल्ह्याच्या सीमेला लागून असलेल्या इंदापूर तालुक्यात हे अपयश ठळकपणे दिसले. १८३५-३६ च्या सुमारास एच. ई. गोल्डस्मिड हा मुलकी अधिकारी आणि जॉर्ज विंगेट हा लष्करी अभियंता यांनी तेथे नव्याने काम हाती घेतले. त्यांनी निव्वळ नफ्याचा हिशेब सोडून दिला. शेत हे मोजणीचे एकक धरले, प्रत्येक शेताला क्रमांक दिला आणि मातीची प्रत ठरवली. सर्व्हे नंबर गावोगाव पोहोचला तो या पद्धतीमुळे.

७/ मातीची प्रत ठरवण्यासाठी एक तक्ता होता. मातीचा प्रकार आणि थराची खोली पाहून सोळा आण्यांपासून खाली उतरणाऱ्या नऊ प्रती लावल्या जात. चुनखडी, वाळू, उतार असे दोष असतील तर प्रत आणखी खाली येई. सोलापूरची काळी, खोल जमीन आणि माळावरची बरड जमीन यांतला फरक शेतकऱ्याला पायांनी कळत असे. तोच आता आण्यांच्या भाषेत कागदावर आला.

८/ इंदापुरानंतर ही पद्धत सोलापूरच्या तालुक्यांत आली. १८४७ मध्ये गोल्डस्मिड, विंगेट आणि डेव्हिडसन यांच्या 'जॉइंट रिपोर्ट'ने तिचे नियम एका ग्रंथात बांधले. दप्तराच्या इतिहासातला हा मोठा पालट होय. चौकट कुलकर्ण्याच्या घरातून निघाली आणि छापील पुस्तकात गेली. कोणीही वाचू शकेल अशी ती झाली. पण ती गावात राहिली नाही.

९/ या चौकटीचा प्रश्न एकच होता : सारा कोण भरणार? ज्याचे नाव सरकारी खात्यावर, तो खातेदार. त्याने जमीन सावकाराकडे गहाण टाकली आहे का, ती दुसराच कोणी कसतो का, भावांचा वाटा आहे का, यासाठी रकाना नव्हता. सरकारच्या वहीत शेतकरी धनी दिसे आणि सावकाराच्या वहीत तोच ऋणको असे.

१०/ दोन वह्यांमधली ही फट १८७५ मध्ये उघडी पडली. पुणे जिल्ह्यातील सुपे येथून सुरू झालेल्या उठावांत शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते जाळली. पाठोपाठ १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. तो लागू झाला त्या चार जिल्ह्यांत पुणे, सातारा आणि अहमदनगर यांच्या बरोबरीने सोलापूरही होते. लोकांनी जाळण्यासाठी कागद निवडले होते. कारण हक्क कुठे लिहिलेला असतो, हे त्यांना नेमके कळले होते.

११/ रकाने वाढायला मात्र आणखी काळ जावा लागला. १९०३ मध्ये मुंबई इलाख्यात हक्कनोंदीचा कायदा झाला आणि १९१३ मध्ये तो जमीन महसूल संहितेत सामावला गेला. आता वहीने नवा प्रश्न विचारला : या जमिनीवर कोणाचा कोणता हक्क आहे? कूळ, गहाणदार, वाटेकरी यांना कागदावर जागा मिळाली. जमीन तीच, माणसे तीच. प्रश्न बदलला म्हणून माणसे दिसू लागली.

१२/ पुढे गावच्या हिशेबाचे नमुने क्रमांकवार पक्के झाले. नमुना १ म्हणजे आकारबंद, ६ म्हणजे फेरफार नोंदवही, ७ म्हणजे अधिकार अभिलेख, ८-अ म्हणजे खातेनिहाय धारण जमीन, १२ म्हणजे पिकांची नोंद. असे एकूण २१. अँडरसन या आयसीएस अधिकाऱ्याची महसुली हिशेबाची पुस्तिका महसूल खात्यात दीर्घकाळ प्रमाण मानली गेली. १९५० च्या कायद्याने कुलकर्णी वतने गेली आणि पगारी तलाठी आला. नमुने मात्र टिकून राहिले.

१३/ या २१ नमुन्यांत सर्वांत हुशार नमुना सहावा. सातव्या नमुन्यातील कोणतेही नाव परस्पर बदलता येत नाही. आधी फेरफार नोंदवहीत क्रमांक पडतो. हितसंबंधितांना नोटीस जाते, चावडीवर प्रत लागते, हरकतीला मुदत मिळते. मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. हाताने लिहिण्याच्या काळात तोवर सातबाऱ्यावरची नोंद पेन्सिलीने असे. प्रमाणित झाली की ती शाईने लिहीत.

१४/ जुने नाव खोडून टाकत नाहीत. त्याला कंस करतात. शेजारी वर्तुळात फेरफार क्रमांक येतो. त्या क्रमांकाचा माग काढत गेले की आजा, पणजा, खरेदीखत, वाटणी असे सारे उलगडते. सोलापूरच्या कोणत्याही तालुक्यात जुनी मालकी शोधणारा माणूस याच वर्तुळांच्या आधारे मागे जातो. बदलाचा असा माग ठेवणारी रचना साध्या वहीत उभी करणे, ही लहान गोष्ट नव्हे.

१५/ आता या धाग्याचा मूळ प्रश्न. नावाच्या बदलाचा फेरफार होतो. रकान्याच्या बदलाचा फेरफार कुठे होतो? तो गावात होत नाही. नमुना बदलतो तो मुंबईच्या कायद्याने, नियमाने, परिपत्रकाने. आणि त्याची नोंद राजपत्रात असते. गावच्या दप्तरात एके वर्षी फक्त वेगळ्या आखणीचे कागद येतात. का आले, जुन्या रकान्यातले काय कुठे गेले, हे ते कागद स्वतः सांगत नाहीत.

१६/ रकाना नसला की माणसे वाट काढतात. एकत्र कुटुंबाच्या जमिनीला थोरल्या भावाचे नाव लागे आणि त्यापुढे 'ए.कु.मॅ.' अशी अक्षरे येत : एकत्र कुटुंब मॅनेजर. वारस अज्ञान असेल तर 'अ.पा.क.', म्हणजे अज्ञान पालनकर्ता. नावाच्या रकान्यात नावाखेरीज आणखी एक माहिती कोंबलेली असे. पुढच्या पिढीने उतारा काढताना ती चार अक्षरे गळाली, तर धाकट्या भावांचा हक्कच नजरेआड होई. कितीतरी दिवाणी दाव्यांचे मूळ अशा अक्षरांत आहे.

१७/ 'इतर हक्क' या रकान्याची कथा आणखी बोलकी. बहिणीचे, विधवा आईचे नाव अनेकदा मुख्य रकान्यात न येता येथे येई. कुळाचे नावही येथेच. १९४८ च्या कूळकायद्यात पुढे दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला. त्या दिवशी जमीन कसणारे कूळ कायद्याने खरेदीदार मानले गेले. कुळाची नोंद वहीत आहे की नाही, यावर त्या क्षणी घरादाराचे भवितव्य टांगलेले होते. १९०३ च्या रकान्याने अर्ध्या शतकानंतर जमीन दिली.

१८/ सोलापूरला आणखी एक अनुभव आहे. येथून तुळजापूर पन्नास किलोमीटरही नाही; पण ते निजामाच्या राज्यात होते. तिकडचे दप्तर वेगळे : सेतवार, खासरा पत्रक, पट्टेदार, काबीज. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला. शेजारच्या दोन गावांत नाते होते, व्यवहार होता. कागदांचे रकाने मात्र जुळत नव्हते. आजही त्या भागातला वारस खासरा पत्रक शोधतो, तर सोलापूरचा माणूस जुना फेरफार शोधतो.

१९/ या सव्वाशे वर्षांचे सार असे : गावात दोन गोष्टी लागतात. एक, नोंदी. दुसरी, नोंदींची व्याख्या. पहिली चावडीत आणि दुसरी राजधानीत, अशी त्यांची फारकत झाली. पहिलीला फेरफाराची शिस्त मिळाली. दुसरी वेगळ्याच फडताळात राहिली. विसाव्या शतकाच्या अखेरीस नेमका हाच प्रश्न अगदी वेगळ्या लोकांपुढे उभा राहिला. ते होते टेलिफोन आणि संगणक क्षेत्रांतले अभियंते.

२०/ जगभरच्या संगणकांवरील माणसे, यंत्रे, संस्था यांची एक समान निर्देशिका असावी, ही त्यांची कल्पना. टेलिफोन डिरेक्टरीचाच हा विस्तार. आंतरराष्ट्रीय दूरसंचार आणि मानक संस्थांनी १९८८ मध्ये तिचे मानक प्रसिद्ध केले. त्याचे नाव एक्स.५००. झाडासारखी रचना : वर देश, खाली संस्था, त्याखाली विभाग, त्याखाली माणूस. जिल्हा, तालुका, गाव, गट नंबर या उतरंडीशी परिचय असलेल्याला ती लगेच ओळखीची वाटावी.

२१/ या निर्देशिकेत प्रत्येक नोंदीला वर्ग असतो आणि वर्गाला गुणधर्म असतात. 'व्यक्ती' हा वर्ग. त्यात काही गुणधर्म अनिवार्य, काही ऐच्छिक. कोणत्या वर्गात काय लिहावेच लागेल, काय लिहिता येईल, लिहिलेले कसे तपासायचे, या साऱ्या व्याख्यांना मिळून स्कीमा म्हणतात. सोप्या मराठीत, निर्देशिकेचे गाव नमुने.

२२/ चौकटीचा पक्षपात येथेही दिसतो. 'व्यक्ती' या वर्गात पूर्ण नावासोबत आडनावही अनिवार्य ठरले. मराठी माणसाला यात काही खटकणार नाही. नाव, वडिलांचे नाव, आडनाव हीच त्याची सवय. पण भारतातच कोट्यवधी लोक आडनाव लावत नाहीत. मग व्यवस्थापक त्या जागी पहिलेच नाव पुन्हा लिहितो किंवा नुसता ठिपका देतो. 'ए.कु.मॅ.' लिहिणाऱ्या तलाठ्याचीच ही तडजोड, वेगळ्या शतकातली.

२३/ एक्स.५०० फार जड होते. १९९३ मध्ये येआँग, टिम हाउज आणि स्टीव्ह किल यांनी तिच्याशी बोलण्याची हलकी पद्धत मांडली. तिचेच नाव पुढे एलडॅप रूढ झाले. मिशिगन विद्यापीठात तिचा सर्व्हर तयार झाला. मात्र त्या सर्व्हरमध्ये स्कीमा कुठे होता? निर्देशिकेच्या बाहेर, साध्या मजकुराच्या दोन फायलींत : एकीत गुणधर्म, दुसरीत वर्ग. नोंदी चावडीत, व्याख्या दुसऱ्या फडताळात. जुनीच फारकत.

२४/ त्यातून जुन्याच अडचणी उभ्या राहिल्या. नवा गुणधर्म हवा असेल तर प्रत्येक सर्व्हरवरची फाइल हाताने बदला, सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू करा. एका यंत्रावर विसरले की दोन सर्व्हरांचे नमुने वेगळे. आणि दुरून जोडलेल्या प्रोग्रॅमला विचारायची सोयच नाही : तुझ्याकडे कोणते रकाने आहेत? १८१८ च्या इंग्रज अधिकाऱ्यासारखी त्याची स्थिती. कागद दिसतात, किल्ली दुसऱ्याकडे.

२५/ यावरचे उत्तर शेजारच्या क्षेत्रात आधीच दिले गेले होते. एडगर कॉड याने १९७० मध्ये माहिती तक्त्यांत ठेवण्याची संबंधाधारित कल्पना मांडली आणि १९८५ मध्ये अशा डेटाबेसचे प्रसिद्ध नियम लिहिले. त्यातला चौथा नियम असा : डेटाबेसचे वर्णनही इतर माहितीसारखेच, तशाच तक्त्यांत असले पाहिजे आणि त्याच भाषेत ते विचारता आले पाहिजे. नमुन्यांची यादी वहीबाहेर न ठेवता वहीतच एक पान म्हणून असावी.

२६/ निर्देशिकेनेही तीच वाट धरली. १९९३ च्या सुधारित एक्स.५०० मध्ये स्कीमासाठी निर्देशिकेतच जागा ठरली. डिसेंबर १९९७ मध्ये एलडॅपची तिसरी आवृत्ती आली, आरएफसी २२५१ या दस्तऐवजाने. तिच्यात प्रत्येक नोंदीपाशी एक निर्देश आला : माझे नियम अमुक नोंदीत आहेत. त्या नोंदीकडे गेले की सारे वर्ग आणि गुणधर्म वाचता येतात. जणू प्रत्येक सातबाऱ्याच्या तळाशी आपल्या नमुन्याचा पत्ता लिहिलेला.

२७/ हे पाऊल दिसायला लहान, परिणामाने मोठे. निर्देशिकेशी कधीही ओळख नसलेला प्रोग्रॅम आता आधी चौकट वाचू शकत होता आणि मग नोंदी. तरीही सगळ्या व्याख्या एकाच नोंदीत ओळीने भरलेल्या होत्या. शेकडो नमुने एका पानावर. पुढची पायरी उरली होती : प्रत्येक व्याख्येला स्वतःची नोंद देणे.

२८/ फेब्रुवारी २००० मध्ये मायक्रोसॉफ्टच्या विंडोज २००० सोबत ॲक्टिव्ह डिरेक्टरी आली. तिच्यात स्कीमासाठी स्वतंत्र विभाग होता आणि त्यात प्रत्येक वर्ग ही एक नोंद, प्रत्येक गुणधर्म ही एक नोंद. कर्मचाऱ्याची नोंद जशी शोधता येते, वाचता येते, इतर सर्व्हरांकडे आपोआप पोहोचते, तशीच 'कर्मचारी म्हणजे काय' ही व्याख्याही. नवा रकाना हवा, तर नवी नोंद घाला. रकान्याचा फेरफार अखेर वहीतच होऊ लागला.

२९/ येथे एक गंमतीचे कोडे आहे. 'वर्गाची व्याख्या' हाही एक वर्गच. मग त्याची व्याख्या कुठे? त्याच विभागात, त्याच वर्गाची नोंद म्हणून. स्वतःचे वर्णन स्वतःच करणारी नोंद. आणि पहिल्यांदा सुरू होणारा सर्व्हर स्कीमा वाचणार कसा, जर वाचण्यासाठीच स्कीमा हवा? उत्तर व्यवहारी आहे : मुळाची थोडी व्याख्या आधीच तयार करून सोबत द्यावी लागते. आत्मनिर्भर वहीलाही पहिले पान कोणीतरी लिहून द्यावे लागते.

३०/ सोय आली तसा धोकाही आला. एका नोंदीची चूक त्या एका माणसापुरती. व्याख्येची चूक साऱ्या माणसांना भोवणार. म्हणून ॲक्टिव्ह डिरेक्टरीत सर्व्हर कितीही असले तरी स्कीमा बदलण्याचा अधिकार एका वेळी एकाच सर्व्हरकडे असतो. तो बदल करणाऱ्या माणसांचा गटही वेगळा, मोजका. फेरफार कोणीही सुचवावा, पण सही मंडळ अधिकाऱ्याची, या शिस्तीचेच हे कडक रूप.

३१/ आणि एकदा घातलेली व्याख्या पुसता येत नाही. ती फक्त निष्क्रिय म्हणून नोंदवता येते. कारण तिच्या आधाराने लिहिलेल्या नोंदी कुठेतरी असू शकतात. व्याख्या गेली तर त्यांचा अर्थच जाईल. सोलापूरच्या तलाठ्याला हे सांगितले असते तर तो लगेच म्हणाला असता : कंस केला म्हणा की! खोडायचे नाही, कंस करायचा. दूरच्या अभियंत्यांना आणि चावडीला एकच शहाणपण स्वतंत्रपणे सुचले.

३२/ मुक्त प्रणालींनीही हाच मार्ग घेतला. ओपनएलडॅपने २००५ मधील २.३ आवृत्तीपासून सर्व्हरची मांडणी आणि स्कीमा निर्देशिकेच्याच एका शाखेत ठेवण्याची सोय केली. सर्व्हर बंद न करता नवी व्याख्या घालता येऊ लागली. अपाचे डिरेक्टरी सर्व्हरने स्कीमासाठी वेगळी शाखा दिली. तेथे प्रत्येक व्याख्या साधी नोंद असते आणि त्या नोंदी कशा लिहायच्या हे सांगणारा 'स्कीमाचा स्कीमा'ही असतो.

३३/ म्हणजे चौकटीचा प्रवास तीन घरांतून झाला. आधी ती जाणकाराच्या डोक्यात होती. मग नोंदींपासून दूर, छापील पुस्तकात किंवा वेगळ्या फायलीत गेली. शेवटी ती नोंदींच्याच शेजारी, नोंद होऊन बसली. पहिल्या घरात जाणकाराची मक्तेदारी होती, दुसऱ्यात राजधानीची. तिसऱ्यात मक्तेदारी आपोआप संपते असे नाही. अधिकार मोजक्यांचाच राहतो. मात्र चौकट काय आहे, हे वही वाचू शकणाऱ्याला कळते.

३४/ इकडे सातबाराही संगणकावर आला. हस्तलिखित आणि संगणकी उतारे जुळवण्याचे किचकट काम गावोगाव झाले. २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. २०२० मध्ये नमुना ७ ची रचना बदलली. त्यात गावाच्या नावासोबत एक संकेतांक आला. तो येतो केंद्राच्या स्थानिक शासन निर्देशिकेतून, म्हणजे देशभरच्या गावांच्या एका डिरेक्टरीतून. इंदापुरात शेताला क्रमांक मिळाला होता. आता गावालाही देशव्यापी क्रमांक लागला.

३५/ १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. पूर्वी तलाठी बांधावर जाऊन नमुना १२ भरे. आता मंगळवेढ्याचा ज्वारीवाला आणि सांगोल्याचा डाळिंबवाला मोबाइलवर स्वतः पीक नोंदवू शकतो. दीडशे वर्षांनी लेखणी शेतकऱ्याच्या हाती आली. पण तो निवडतो ते समोर दिलेल्या यादीतून. नोंद त्याची, यादी दुसऱ्याने केलेली. विमा असो वा भरपाई, पुढचा सारा हिशेब त्या निवडीवर चालतो.

३६/ म्हणून जुन्या आणि नव्या नमुन्याचे दोन उतारे शेजारी ठेवून पाहावेत. फरक डोळ्यांना दिसतो. तो का पडला हे कळण्यासाठी मात्र शासन निर्णय शोधावा लागतो. निर्देशिकांच्या अभियंत्यांनी जे साधले ते इतकेच : चौकटीचा बदल हाही बदलच आहे आणि त्यालाही नोंद हवी, तीही तेथेच, जेथे त्याचा परिणाम होणार आहे.

३७/ घरात आजोबांच्या काळचा सातबारा असेल तर तरुण अभ्यासकांनी तो एकदा वेगळ्या रीतीने वाचावा. नावे नंतर, आधी रकान्यांची शीर्षके. कोणता प्रश्न विचारला आहे? 'इतर हक्क'मध्ये कोण आहे? नावापुढे ए.कु.मॅ. आहे का? कंसातली नावे किती? मग शेजारी आजचा उतारा ठेवावा. घराण्याचा इतिहास नोंदींत सापडेल आणि त्या घराण्याकडे राज्याने कसे पाहिले याचा इतिहास रकान्यांत.

लेखनसीमा. #सोलापूर #सातबारा #दप्तराचाइतिहास